माझ्या मुलीचा आजार ही ‘सौंदर्यविषयक तक्रार’ नाही : आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र

माननीय आरोग्यमंत्री महोदय,
सादर नमस्कार.

गेल्या वर्षी आपल्या दालनात आपण माझ्या मुलीच्या डोक्यावर हात ठेवून ‘हिचा अर्ज मी स्वतः पाहीन’ असा शब्द दिला होता. अकरा महिन्यांच्या हेलपाट्यांनंतर काल त्या अर्जाचे उत्तर आले : ‘त्वचेचा सैलपणा ही सौंदर्यविषयक तक्रार असल्याने मदत नामंजूर.’ ही ओळ लिहिणाऱ्याने सोबतचा वैद्यकीय अहवाल उघडला असता, तर ती लिहिण्याचे त्याला धाडस झाले नसते.

या दुर्मीळ आजाराचे नाव क्युटिस लॅक्सा. ताणलेल्या त्वचेला पूर्ववत करणारे इलॅस्टिनचे तंतू यात विरळ किंवा विस्कळीत होतात. माझ्या मुलीच्या तळहाताच्या पाठीवरची कातडी चिमटीत धरून सोडली, तर घडी तशीच उभी राहते आणि सावकाश खाली बसते. एलर्स-डॅनलॉस या वेगळ्या आजारात ताणलेली त्वचा झटकन मागे जाते. या दोहोंची गल्लत करून तिचा अर्ज आधी एकदा परत पाठवला गेला होता. हेच तंतू फुप्फुसांत आणि महाधमनीच्या भिंतीतही असतात. तिच्यात एफबीएलएन ५ या जनुकाचा दोष आम्हा आईवडील दोघांकडून आला आहे, आणि या प्रकारात लहान वयातच एम्फिसिमा होऊ शकतो, म्हणजे फुप्फुसांतल्या हवेच्या पिशव्या फुगून निकामी होतात. ईएफईएमपी २ या जनुकात दोष असेल तर धमन्या वेड्यावाकड्या होतात, फुगतात. शरीर इलॅस्टिन मुख्यतः गर्भात आणि बालपणी तयार करते. ते भरून काढणारे औषध आज नाही. जिन्याच्या मधल्या पायरीवर थांबून धाप जिरवणारी अकरा वर्षांची मुलगी कोणत्या सौंदर्यासाठी आपल्या दारी आली होती?

खिडकीवरच्या कर्मचाऱ्याने तिच्यासमोर मला विचारले, ‘वय नक्की अकराच ना?’ त्या रात्री ती आरशासमोर दोन्ही गाल बोटांनी कानांकडे ओढून उभी होती. मी दारातूनच मागे फिरले. तिला काय सांगायचे, हे मला आजही सुचलेले नाही.

हा आजार केवळ जन्मजात नसतो. धडधाकट माणसाला अंगावर गांधी उठल्यानंतर, पेनिसिलिनसारख्या औषधाच्या प्रतिक्रियेनंतर किंवा मल्टिपल मायलोमा या कर्करोगासोबतही तो जडू शकतो. कातडी लोंबू लागलेल्या बाईला ‘वय झाले’ म्हणून परत पाठवले, तर तिच्यासोबत तिचा कर्करोगही न तपासता घरी जातो. तरीही आपल्या खात्याच्या लेखी जे दिसते ते सौंदर्य आणि जे दिसत नाही ते अस्तित्वातच नाही. दुर्मीळ आजारांसोबत जगात सुमारे ३० कोटी माणसे जगत आहेत. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने डिसेंबर २०२१ मध्ये त्यांच्यासाठी ठराव केला, पण छापील अर्जात रकाना नसलेल्या माणसाला कारकुनाच्या टेबलावर आजही जागा नाही, आणि एकेकाच्या अर्जावर एकेक मेहेरबानी करत राहिल्याने ती कधी मिळणारही नाही.

माझी मागणी साधी आहे : हा आजार सौंदर्याच्या यादीतून काढावा, प्रत्येक रुग्णाची जनुकीय तपासणी, हृदयाची इको आणि फुप्फुसांची नियमित चाचणी सरकारी खर्चाने व्हावी, आणि उपार्जित म्हणजे जन्मानंतर जडलेल्या प्रकारात रक्ताची तपासणी बंधनकारक करावी. माझ्या मुलीची फुप्फुसांची पुढची चाचणी येत्या महिन्यात आहे. त्याआधी आपल्या सहीचे उत्तर मला हवे आहे.

आपली,
एका रुग्ण मुलीची आई