जुना प्रिंटर भंगारात देण्याआधी त्याची टाकी काढून घ्या

मा. संपादक,
स.न.वि.वि.

मध्यंतरी तुमच्या पेपरात ई-कचऱ्यावर छापून आलं ते वाचलं. जुना कॉम्प्युटर, प्रिंटर, चार्जर भंगारवाल्याला देऊ नका, संकलन केंद्रात द्या वगैरे. बरोबरच आहे, पण कुडाळसारख्या ठिकाणी झेरॉक्स आणि प्रिंटचं दुकान चालवणाऱ्याला त्यात एक गोष्ट राहून गेल्यासारखी वाटली, म्हणून लिहितोय. इंकजेट प्रिंटर मरतो म्हणजे सगळा मरत नाही. बोर्ड जातो नाहीतर हेड (कागदावर शाई फेकणारा भाग) जातं, पण बाजूला लावलेली शाईची टाकी, पाइप, एल्बो (पाइप वळवणारा जोड), एअर फिल्टर हे सगळं ठणठणीत असतं आणि यातलं बरंचसं दुसऱ्या मॉडेलला चालतं. काय चालतं आणि काय अजिबात चालत नाही हे धड सांगणारं कोणी नाही, म्हणून पत्र जरा लांबलंय, कापायचं तिथे कापा.

बाहेरच्या टाकीतून प्रिंटरला सतत शाई पुरवायच्या सोयीला सीआयएसएस म्हणतात, आम्ही तिला नुसतं किट म्हणतो. बाहेर टाकी, तिथून पाइप, आणि पाइपाच्या टोकाला कार्ट्रिज किंवा डॅम्पर, म्हणजे हेडाला शाई गाळून देणारी छोटी डबी. आता कंपनीचेच टाकीवाले प्रिंटर मिळतात त्यामुळे नव्या पोरांना वाटतं की ही कल्पना कंपनीची. एप्सनने पहिला टाकीवाला प्रिंटर २०१० साली इंडोनेशियात काढला, त्याच्या कितीतरी आधीपासून मेकॅनिक लोक बाहेरची किटं बसवतच होते. कॅनन, एचपी त्याच्याही नंतर आले.

तर मुद्दा. टाकी कुठल्याही प्रिंटरची असो, तो प्लास्टिकचा डबाच. दोन भोकं, एक मोठं शाई भरायला आणि एक बारीक हवेसाठी. चालू असताना मोठं बंद आणि बारीक उघडं, फिल्टर लावून. दुसऱ्या मॉडेलला लावताना लोक पाइप जोडतात, शाई भरतात आणि मग दोन दिवसांनी बोंब मारतात की हेड चोक झालं. बहुतेक वेळा हेडाला काही झालेलं नसतं, टाकीची उंची चुकलेली असते. टाकी हेडाच्या वर गेली की शाई आपोआप खाली येते, नोझलमधून ठिबकते, कागदावर डाग, रंग एकमेकांत मिसळतात. फार खाली गेली की शाई मागे ओढली जाते, पाइपात हवेचे फुगे आणि प्रिंटवर पांढऱ्या रेषा. आता एका मॉडेलमध्ये हेड टेबलापासून जेवढं वर असतं तेवढं दुसऱ्यात नसतं, त्यामुळे बुटक्या प्रिंटरची टाकी उंच प्रिंटरच्या बाजूला ठेवलीत तर खाली फळी द्यावी लागेल, आणि उलट असेल तर टाकी खाली घ्यावी लागेल. बरं, चांगल्या टाकीत हवेचा कप्पा वेगळा असतो आणि दाब त्या कप्प्यातल्या पातळीवर ठरतो, मोठ्या कप्प्यात शाई किती आहे त्याच्यावर नाही. म्हणून उंची बघताना त्या छोट्या कप्प्याकडे बघा. आणि टाकी आडवी करून इकडून तिकडे नेऊ नका, एसटीच्या डिकीत तर नाहीच नाही. शाई हवेच्या कप्प्यात शिरली की फिल्टर भिजतो आणि मग तुम्ही कितीही हेड क्लीनिंग मारा.

पाइप. सिलिकॉनचा असेल तर वर्षानुवर्षं मऊ राहतो, कडक झाला असेल तर सरळ फेका. जुन्या जोडावरून काढलेलं टोक फाकलेलं असतं, तेवढं कापून ताज्या टोकाने बसवा नाहीतर तिथून हवा घेणार. लांबीचं गणित मात्र मॉडेलप्रमाणे बदलतं. ए-फोरचं किट ए-थ्रीला लावलं की कॅरेज (हेड घेऊन इकडून तिकडे सरकणारा भाग) टोकाला जाताना पाइप ताणतो, उलट केलं तर जादा पाइप आत लोंबतो आणि कागदात अडकतो. बसवल्यावर प्रिंटर बंद ठेवून, हेड पार्किंगमधून (काम नसताना ते जिथे अडकून थांबतं तिथून) मोकळं असेल तेव्हा, कॅरेज हाताने या टोकापासून त्या टोकापर्यंत सरकवून बघायची आणि मगच झाकण लावायचं. सहा रंगांचं किट चार रंगांना चालतं, दोन लाइन रिकाम्या बंद करून ठेवायच्या.

आता जिथे उड्या मारायच्या नाहीत ते. पहिली गोष्ट चिप. कार्ट्रिजवाल्या एप्सनला बाहेरचं किट लावतात त्यात ऑटो-रिसेट चिप असते, म्हणजे प्रिंटरला कार्ट्रिज पुन्हा भरलेलं दाखवणारी, ती त्या कार्ट्रिजच्या नंबरापुरती. कार्ट्रिज दिसायला डिट्टो सारखं असलं आणि जागेवर टक्कन बसलं तरी प्रिंटर ओळखणार नाही. दुसरं, हेड कुठे आहे ते. एप्सनमध्ये हेड मशीनमध्येच बसवलेलं, तर एचपीच्या आणि कॅननच्या बऱ्याच स्वस्त मॉडेलांत हेड कार्ट्रिजलाच चिकटलेलं, तिथे कार्ट्रिजच्या झाकणाला भोक पाडून पाइप घालतात. अशा मशीनचं हेड जळालं की नवीन कार्ट्रिज आणायचं आणि जुनीच टाकी, जुनेच पाइप त्याला जोडायचे. वापरलेल्या किटाचा सगळ्यात जास्त उपयोग कुठे होत असेल तर इथेच. पण एप्सनच्या किटाचं टोक एचपीत आणि एचपीचं एप्सनमध्ये, हे होणे नाही.

तिसरी गोष्ट शाई, आणि इथे कोकणातल्या माणसाने जास्त लक्ष द्यायला हवं. एचपी, कॅनन शाई तापवून बुडबुड्याने फेकतात, एप्सन आणि ब्रदर विजेने हलणाऱ्या क्रिस्टलच्या धक्क्याने, त्यामुळे मुळात शाई वेगळी बनवलेली असते. वर डाय आणि पिगमेंटचा फरक. डाय शाई पाण्यात विरघळते, पिगमेंटमध्ये रंगाचे बारीक कण असतात. टाकीवाल्या बऱ्याच एप्सनमध्ये काळीसुद्धा डाय असते. जुलैत माणूस तलाठ्याकडे जायला घाईत येणार, "माका सातबारो आजच होयो", घेऊन छत्रीखालून निघणार, आणि ऑफिसात पोचेपर्यंत गट नंबराचं निळंजांभळं पाणी झालेलं. म्हणून लोक काळ्या टाकीत पिगमेंट घालतात. घाला, पण आधीची डाय पूर्ण काढून. डायवर पिगमेंट ओतली की कण गोळा होऊन खाली बसतात आणि डॅम्परची जाळी बुजते. दुसऱ्या प्रिंटरची टाकी लावतानाही तेच, आत आधी काय होतं ते माहीत नसेल तर डिस्टिल्ड वॉटरने पाणी स्वच्छ येईपर्यंत धुवायची, पाइपासकट, मग पूर्ण सुकवायची. नळाचं किंवा विहिरीचं पाणी नको, त्यातले क्षार हेडात जातात. पावसाळ्यात सुकायला वेळ लागतो, उलटी टांगून ठेवा. डॅम्पर आणि स्पंज जुने वापरू नका, तिथे पैसे वाचवून काही मिळत नाही. वॉरंटीतल्या मशीनला तर यातलं काहीच करू नका.

हे सगळं आम्ही हौस म्हणून करत नाही. पार्ट येतो मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून नाहीतर कोल्हापूरहून, घाटात दरड आली की पार्सल तिकडेच, आणि इकडे गणपती तोंडावर, मंडळांच्या पावत्या, आरत्यांची पुस्तकं, दशावताराची जाहिरात, सगळ्यांना आजच पाहिजे. अशा वेळी कपाटात पडलेली जुनी टाकी आणि हातभर पाइप दुकान चालू ठेवतो. २२ जुलै २०२१ च्या पुरात चिपळूणची बाजारपेठ बुडाली तेव्हा भिजलेल्या मशिनी ढिगाने बाहेर पडल्या, बोर्ड कोणी वाचवू शकत नव्हतं हे खरं, पण धुऊन वापरता येण्यासारखं प्लास्टिकही त्याच ढिगात गेलं असणार.

म्हणून माझं म्हणणं एवढंच की संकलनाच्या दिवशी सगळा प्रिंटर थेट गाडीत टाकू नये. ई-कचऱ्याचे २०२२ चे नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू आहेत, प्रिंटर कार्ट्रिजसकट त्यात येतो आणि त्याची जबाबदारी उत्पादकावर आहे. बोर्ड, मोटर, केबल जाऊ दे तिकडे. पण आधी नगरपंचायतीने नाहीतर कॉलेजने, जो कोणी मोहीम घेतो त्याने, तालुक्यातल्या रिपेअरवाल्यांना तासभर द्यावा, टाक्या, पाइप, ट्रे, रोलर काढून घेऊ द्यावेत. डिसेंबर २०२२ मध्ये केंद्राने राइट टू रिपेअरचं (दुरुस्तीच्या हक्काचं) पोर्टल काढलं, कंपन्यांनी दुरुस्तीची माहिती तिथे द्यावी म्हणून. तर कुठला डॅम्पर, कुठली टाकी कुठल्या कुठल्या मॉडेलला बसते याचा साधा तक्ता प्रत्येक कंपनीने तिथे टाकावा. आज आम्ही हे एकमेकांना फोन करून विचारतो, आणि पलीकडचाही बसवून बघ म्हणूनच सांगतो.

कुडाळात पुढची मोहीम कोणी घेत असेल तर टेबल आणि स्क्रू ड्रायव्हर घेऊन मी येतो. फक्त लोकांना एवढं सांगा की प्रिंटर आणताना टाकीतली शाई रिकामी करून आणा, मागच्या वेळी एकाची सगळी पिशवी आणि माझा पांढरा शर्ट दोन्ही मजेंटा झाले.

आपला,
एक झेरॉक्सवाला, कुडाळ