ट्रेनिंग कॉलरचे चुकीचे माप आणि परस्पर बंद केलेली तक्रार

सोलापूर, दि. ५ जून

प्रति,
तक्रार निवारण अधिकारी
(प्रत : व्यवस्थापकीय संचालक)

विषय : मध्यम मापाची मार्टिंगेल ट्रेनिंग कॉलर मानेतून निसटल्यामुळे झालेला अपघात व त्यानंतर ग्राहक सेवेकडून मिळालेली वागणूक.

महोदय,

काल दुपारी आपल्या ग्राहक सेवा केंद्राने माझी तक्रार परस्पर बंद केली आणि ‘आपली तक्रार समाधानकारकरीत्या सोडवण्यात आली आहे’ असा संदेश मला पाठवला, म्हणून हे पत्र लिहीत आहे. तक्रार सुटलेली नाही. ती नेमकी काय आहे, हेदेखील आपल्या एकाही प्रतिनिधीने तीन दूरध्वनींत शेवटपर्यंत ऐकून घेतलेले नाही.

ही कॉलर मी ९ मे रोजी आपल्याच संकेतस्थळावरून १,१४९ रुपये भरून मागवली. तिची रचना आपल्याला समजावून सांगण्याची गरज नाही. दोरी ओढली की मुख्य पट्टीच्या दोन टोकांच्या कड्यांतून ओवलेला लहान वेढा तिला किती आवळतो आणि कोठे थांबतो यावरच मार्टिंगेलचे सारे काम अवलंबून असते, हे ती बनवणाऱ्याला ग्राहकापेक्षा अधिक ठाऊक असले पाहिजे. पूर्ण आवळल्यावर ती मानेच्या मापापाशी थांबली तर श्वास कोंडत नाही आणि डोकेही बाहेर येत नाही. ती त्याआधीच थांबली, तर साध्या सैल पट्ट्यात आणि तिच्यात काहीही फरक उरत नाही.

आमचे पिल्लू कारवानी जातीचे आहे, पाच महिन्यांचे. त्याचे नाव वारू. या जातीची मान लांब आणि डोके अरुंद असते, त्यामुळे साधा बकलचा पट्टा कानांवरून सहज उतरतो. शिवाय वारू दोरी जोरात ओढतो. समोर मांजर किंवा खारूताई दिसली की दोन ढांगांत त्याचा वेग असा वाढतो की दोरी धरणाऱ्याचा हात खांद्यापासून खेचला जातो. त्याला रोज पहाटे फिरवण्याचे काम माझ्या सासऱ्यांकडे आहे आणि ते एकाहत्तर वर्षांचे आहेत. म्हणून कॉलर निवडण्यात मी दोन आठवडे घालवले. चोक चेन मी नाकारली, कारण तिला आवळण्याची मर्यादाच नसते. ती उलट बाजूने घातली गेली तर दोरी सैल सोडल्यावरही मोकळी होत नाही आणि पहाटेच्या अंधारात सासऱ्यांकडून अशी चूक होणे अगदी शक्य होते. आतून दाते असलेली काटेरी कॉलर माझ्या घरात येणार नव्हती. छातीवर कडी असलेला हार्नेस मला सर्वांत जास्त आवडला होता, पण वाढत्या पिल्लाला तो दर महिन्या-दीड महिन्याने बदलावा लागला असता आणि त्याचे पट्टे पायांतून ओवणे सासऱ्यांच्या बोटांना जमत नव्हते. आमच्या पशुवैद्यांनी सांगितले, की अरुंद डोक्याच्या कुत्र्यांसाठी रुंद पट्टीची मार्टिंगेल हाच योग्य पर्याय आहे, मात्र ओढण्याची सवय कॉलरने नव्हे तर शिकवण्याने जाते. दोरी ताणली की आपण थांबायचे आणि सैल झाली की खाऊ देऊन पुढे चालायचे. हे आम्ही रोज करत होतो. म्हणजे कॉलरकडून आमची अपेक्षा एकच होती, ती म्हणजे तिने डोक्यावरून निघू नये.

खरेदीपूर्वी मी आपल्या मदत क्रमांकावर वारूच्या मानेचे माप कळवले होते. कानांमागे मान ११ इंच आणि कानांपाशी डोक्याचा घेर १२ इंच. उत्तर मिळाले, ‘मध्यम माप घ्या, ते ११ ते १५ इंचांसाठी आहे.’ खोक्यावरही तेच छापलेले आहे.

१८ मे रोजी पहाटे साडेपाचच्या सुमारास सासरे वारूला घेऊन विजापूर रस्त्याने धर्मवीर संभाजी तलावाकडे निघाले होते. मे महिन्यात सोलापुरात सकाळी आठनंतर डांबरावर पिल्लाचे पंजे ठेवणे म्हणजे त्याला भाजणे आहे, त्यामुळे फिरण्याची हीच वेळ असते. मागून आलेल्या ट्रॅक्टरने मोठा हॉर्न दिला. वारू दचकला, पुढे न धावता मागे सरकला, डोके खाली घातले आणि कॉलर दोन्ही कानांवरून निघून रिकामी दोरीला लोंबकळत राहिली. त्यानंतर तो थेट रस्त्याच्या मध्ये गेला. एका रिक्षावाल्याने जीव खाऊन ब्रेक दाबला म्हणून तो आज जिवंत आहे. त्याच्यामागे धावताना सासरे दुभाजकाजवळ पडले; त्यांचा गुडघा सोलवटला, उजवे मनगट मुरगळले आणि तीन आठवडे होत आले तरी त्यांना त्या हाताने पाण्याचा तांब्या उचलता येत नाही. वारू चाळीस मिनिटांनी तलावाजवळच्या एका चहाच्या गाड्यामागे थरथरत बसलेला सापडला.

घरी आल्यावर मी शिवणकामाच्या टेपने कॉलर मोजली. ती सर्वांत लहान मापावर आणली, लहान वेढा पूर्ण ओढला, दोन्ही कड्या एकमेकींना टेकवल्या आणि आतला घेर मोजला. तो साडेबारा इंच भरला. माझी चूक होत असेल म्हणून तीन वेळा मोजले, शेजारच्या काकूंकडूनही मोजवून घेतले. साडेबारा इंचांच्या पलीकडे ही कॉलर आवळतच नाही, मग ती ११ इंचांच्या मानेसाठी आहे असे आपण कशाच्या आधारावर छापले? १२ इंचांचे डोके साडेबारा इंचांतून बाहेर येणार हे कळायला अपघात घडावा लागत नाही, कारखान्यात एकदा टेप लावली असती तरी पुरे होते.

आता कालच्या संभाषणाविषयी. वीस मिनिटे थांबल्यावर जे गृहस्थ बोलले, त्यांना मी अपघात सांगितला, तर त्यांचा पहिला प्रश्न होता, ‘मॅडम, ब्रीड कोणती?’ मी सांगितले, कारवानी. ते म्हणाले, ‘अशी ब्रीड आमच्या यादीत नाही. गावठी आहे का? मग इंडी टाकतो.’ मी म्हटले, कारवानी ही गावठी नव्हे, स्वतंत्र जात आहे, आणि गावठी असती तरी मापाचा हिशेब बदलला नसता. त्यावर त्यांनी मला समजावण्याच्या सुरात सांगितले, ‘मॅडम, आमचे प्रॉडक्ट लॅब्रेडॉर, जर्मन शेफर्ड अशा प्रॉपर ब्रीडसाठी बनवलेले असते. रस्त्यावरच्या कुत्र्यांना शिस्त नसते, ती पळणारच.’ मी पुन्हा साडेबारा इंच हा आकडा सांगितला. त्यांनी विचारले, ‘कॉलर कोणी घातली होती?’ सासऱ्यांनी, असे मी सांगताच ते म्हणाले, ‘वयस्कर माणसाच्या हातात कुत्रा द्यायचाच कशाला?’ मी काही क्षण बोलूच शकले नाही. ज्या माणसाने त्या पिल्लासाठी या वयात भर रस्त्यात धाव घेतली, त्याच्याबद्दल हे वाक्य आपल्या कंपनीच्या नावाने, ध्वनिमुद्रित होणाऱ्या दूरध्वनीवर उच्चारले गेले. ते ध्वनिमुद्रण आपण स्वतः ऐकावे, ही माझी मागणी आहे.

एवढ्यावर ते थांबले नाहीत. ‘आमची इलेक्ट्रिक कॉलर घ्या, तुम्हाला पंधरा टक्के सूट देतो, दोन दिवसांत सरळ होईल,’ असे ते म्हणाले. पाच महिन्यांच्या पिल्लाला, जे हॉर्नला भिऊन पळाले, त्याला भीती घालवण्यासाठी मानेवर विजेचा झटका द्यायचा? वेल्समध्ये अशा कॉलरींवर २०१० पासून बंदी आहे. आपल्याकडे प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणारा कायदा १९६० चा आहे आणि प्राण्याला विनाकारण वेदना देणे हा त्याच्या कलम ११ प्रमाणे गुन्हा आहे. मी झटक्याच्या कॉलरला नकार दिला, त्यांनी ‘ठीक आहे मॅडम’ म्हटले आणि त्यानंतर दहा मिनिटांत तक्रार सुटल्याचा संदेश आला.

यादीत नसलेल्या जातीबद्दल दोन शब्द लिहिणे मला भाग आहे. कारवानी आणि मुधोळ ही एकाच घराण्यातली कुत्री मानली जातात आणि मुधोळच्या श्वानावर भारतीय टपाल खात्याने २००५ मध्ये तिकीट काढलेले आहे. सोलापूर जिल्ह्यात आणि सीमेपलीकडे विजापूर, बागलकोटच्या बाजूला ही कुत्री पिढ्यान् पिढ्या शेतावर आणि धनगरांच्या कळपांबरोबर राहत आली आहेत. आपण या भागात कॉलरी विकता, आपल्या जाहिराती येथील मराठी भाषेत येतात, आणि येथल्या कुत्र्याची मान कशी असते हे आपल्या यादीला ठाऊक नाही. मार्टिंगेलची गरज ज्यांना सर्वांत जास्त असते ती हीच अरुंद डोक्याची, वेगवान कुत्री आहेत. त्यांनाच न बसणारी कॉलर आपण त्यांच्या मालकांना विकत आहात. गेल्या वर्षी आमच्या आधीच्या कुत्रीसाठी मी आपलाच बिछाना आणि आपलीच भांडी घेतली होती, इतका माझा आपल्या नावावर विश्वास होता. तो आता राहिलेला नाही.

पुन्हा लिहिते, कारण तीनदा सांगूनही ते कोणी नोंदवलेले नाही : खोक्यावर ११ इंच छापले आहे आणि कॉलर साडेबारा इंचांवर थांबते. पूर्ण आवळल्यानंतरचे माप खोक्यावर, संकेतस्थळावर किंवा सोबतच्या कागदावर कोठेही दिलेले नाही.

मी २१ मे आणि २९ मे रोजी मापांच्या छायाचित्रांसह आपल्याला ईमेल पाठवले. ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, २०२० प्रमाणे तक्रार मिळाल्याची पोच ४८ तासांत देणे आणि एका महिन्यात तिचे निवारण करणे ही तक्रार निवारण अधिकाऱ्याची जबाबदारी आहे. पोच मला एकाही ईमेलची मिळालेली नाही. निवारणाची मुदत २१ जून रोजी संपते. तोपर्यंत आपण कॉलरची पूर्ण रक्कम आणि सासऱ्यांच्या उपचारांचा २,३८० रुपये खर्च परत करावा, या मापाची विक्री थांबवून ज्यांनी ती लहान मानेच्या कुत्र्यांसाठी घेतली आहे त्यांना लेखी सूचना द्यावी, प्रत्येक मापाचा पूर्ण आवळल्यानंतरचा घेर खोक्यावर छापावा आणि सासऱ्यांची लेखी क्षमा मागावी. यांतली शेवटची मागणी माझ्या दृष्टीने रकमेपेक्षा मोठी आहे. २२ जून रोजी मी सोलापूरच्या जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोगाकडे जाईन. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ प्रमाणे ग्राहकाला तो राहतो त्या ठिकाणी तक्रार दाखल करता येते आणि पाच लाख रुपयांपर्यंतच्या व्यवहारासाठी शुल्क लागत नाही, त्यामुळे अंतर किंवा खर्च पाहून मी माघार घेईन असे आपण गृहीत धरू नये.

सध्या वारू जो पट्टा वापरतो तो नव्या पेठेतल्या एका चर्मकार कारागिरांनी शिवून दिला आहे. दोन इंच रुंद, आतून मऊ कातडे, आणि आवळल्यावर नेमका अकरा इंचांवर थांबणारा. त्यांनी वारूला समोर बसवून आधी डोके मोजले आणि मग मान. साडेचारशे रुपये घेतले आणि पिल्लू वाढेल तेव्हा पुन्हा घेऊन या, असे सांगितले.

आपली कॉलर परत पाठवण्यासाठी कुरिअरचा माणूस दोनदा येऊन गेला. ती मी त्याला दिलेली नाही आणि देणारही नाही. १८ मे रोजी ज्या मापावर ती निसटली त्याच मापावर, बकलला हात न लावता, मी ती पिशवीत बंद करून ठेवली आहे, आणि आयोगासमोर टेपसह तीच सादर करेन.

आपली ग्राहक,
जुळे सोलापूर

सोबत : खरेदीची पावती, मापांची छायाचित्रे, उपचारांची बिले, दोन्ही ईमेलच्या प्रती.