मानधन नको, पगार म्हणा
संपादक साहेब, माझी आई अंगणवाडी सेविका आहे, 4 डिसेंबर 2023 ला सुरू झालेल्या संपात ती पण होती, दीड महिन्याहून जास्त चालला तो. तेव्हा गल्लीतले लोक म्हणायचे, मानधन मिळतं ना मग कशाला रस्त्यावर बसता? अहो, मानधन म्हणजे पगार नव्हे, भांडण त्याचंच आहे! मुलांची वजनं घ्या, आहार वाटा, सर्व्हे करा, वरून ते नोंदी भरायचं पोषण ट्रॅकर ॲप, रेंज मिळावी म्हणून आई मोबाईल धरून गच्चीवर उभी असते. बाईने केलं की सेवा, बाप्याने केलं असतं तर नोकरी. सुप्रीम कोर्टाने एप्रिल 2022 मध्येच सेविकांचा ग्रॅच्युइटीचा, म्हणजे निवृत्तीच्या वेळी मिळणाऱ्या एकरकमी पैशांचा, हक्क मान्य केला, तरी आमच्या शेजारच्या रिटायर सेविका काकू अजून युनियनच्या ताईंसोबत फाईल घेऊन चकरा मारतायत.
- एका सेविकेची मुलगी, जि. सातारा