ती खिडकी कधी उघडीच नव्हती

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

आपल्या रविवार पुरवणीत एडिंबराच्या ‘न्यू टाउन’वर लेख आला आहे. सोबतच्या छायाचित्रात कोपऱ्यावरच्या एका इमारतीची बाजूची भिंत दिसते आणि खाली ओळ आहे : ‘खिडकीपट्टी चुकवण्यासाठी उमरावाने बुजवलेल्या खिडक्या’. (खिडकीपट्टी म्हणजे घराच्या खिडक्यांवरचा कर.) लेखकावर राग नाही, इथले गाइडही पर्यटकांना हेच सांगतात. पण मी उभा जन्म ड्राफ्ट्समन म्हणून काढला, सध्या लेकीकडे मुक्कामाला आहे, आणि योगायोग असा की ती भिंत लेकीच्याच बिल्डिंगची आहे. रोज सकाळी दूध आणायला मी तिच्याखालून जातो.

आधी उमरावाचे बघू. या इमारतीच्या सामायिक दरवाजाला आठ घंटा आहेत, म्हणजे आत आठ बिऱ्हाडे, एका उमरावाचा वाडा नव्हे. पहिल्या न्यू टाउनचा आराखडा जेम्स क्रेगने १७६७ साली केला. त्याच्या उत्तरेचा, उतारावरचा भाग रॉबर्ट रीड आणि विल्यम सिबल्ड यांनी १८०२ च्या सुमारास आखला. रुंद रस्त्यांवर बड्यांची स्वतंत्र घरे, आणि अरुंद रस्त्यांवर, कोपऱ्यांवर टेनमेंट, म्हणजे एका जिन्यावर अनेक बिऱ्हाडे. आपली चाळच म्हणा ना, फक्त गॅलरी नाही. बाहेरून मात्र सगळे एकाच महालासारखे दिसावे अशी योजना. खाली खाचा पाडलेला दगड, वर गुळगुळीत घडीव दगड, आणि मजले चढाल तशा खिडक्या बुटक्या होत जातात. मागच्या अंगाला गेलात की सोंग उतरते, तिथे साधी ओबडधोबड बांधणी. पैसा रस्त्याकडच्या तोंडावर खर्च झाला आहे. दगड बहुधा क्रेगलीथच्या खाणीचा असावा. ती खाण आता बुजली असून तिथे शॉपिंग सेंटर आहे.

जिन्याबद्दल लेखात अवाक्षर नाही, हे मला सर्वांत खटकले. दगडी पायऱ्या एका टोकाला भिंतीत रुतलेल्या, दुसरे टोक अधांतरी. खाली ना खांब ना तुळई. प्रत्येक पायरी खालच्या पायरीच्या कडेवर खाचेत बसते आणि भार असा उतरत तळापर्यंत जातो. मधली पोकळी वरपर्यंत मोकळी आणि माथ्यावर काचेचा घुमट, त्यामुळे खिडकी नसलेल्या जिन्यात भर दुपारी दिवा लागत नाही. पायऱ्या मधोमध झिजून वाटीसारख्या झाल्या आहेत. पहिल्या दिवशी मी पिशवी खाली ठेवून दहा मिनिटे नुसता वर बघत उभा होतो. शेजारणीला वाटले, म्हातारा वाट चुकला.

आता खिडक्या. खिडकीपट्टी खरी होती. इंग्लंडमध्ये ती १६९६ साली सुरू झाली आणि १८५१ साली रद्द झाली. तिच्यापायी खिडक्या बुजवल्याही गेल्या. पण मागाहून बुजवलेली खिडकी लपत नाही : भरणीचा दगड वेगळा, थरांच्या रेषा तुटलेल्या. इथे कोनाड्यातला दगड भिंतीचाच आहे आणि थर आजूबाजूच्या थरांशी जुळलेले आहेत. उंबरा, चौकटीचे दगड, सगळे एका हाताचे. म्हणजे खिडकी जन्मतःच आंधळी. कारण वर बघितले की कळते. या भिंतीच्या माथ्यावर धुराड्याची दहा मडकी आहेत, म्हणजे धूर बाहेर सोडणारी नळकांडी, एका शेकोटीला एक. तळघर धरून पाच मजले, प्रत्येक मजल्यावर या भिंतीला दोन शेकोट्या. हिशेब चोख बसतो. या दहा शेकोट्यांचा धूर भिंतीच्या पोटातून वर जायचा. तिथे खिडकी पाडणार कुठे? पण नुसती कोरी भिंत ठेवली तर समोरच्या देखण्या तोंडाशी विसंगत दिसेल, म्हणून खिडक्यांचे नुसते आकार कोरले. शहरात काही ठिकाणी तर अशा आकारांत काळा रंग देऊन त्यावर पांढऱ्या पट्ट्या ओढल्या आहेत, लांबून तावदाने वाटावीत म्हणून. कर वाचवायला कोणी एवढी हौस करत नाही.

जाता जाता एक. छपराच्या दुरुस्तीचे बिल परवाच आले. २००४ च्या टेनमेंट कायद्यानुसार, खरेदीखतात वेगळे काही नसेल तर, छपराचा खर्च सगळ्या मालकांच्या माथी पडतो, मग तुम्ही तळघरात का राहीनात. तळघरातल्या बाईंनी कुरकुर केली, पण भरले. आमच्या सोसायटीच्या गळक्या टाकीची आठवण झाली.

पुढच्या पुरवणीत छायाचित्राखालची ओळ दुरुस्त करावी, एवढीच विनंती. त्यातल्या डावीकडच्या, खालून तिसऱ्या ‘बुजवलेल्या’ खिडकीच्या मागे लेकीची शेकोटी आहे. आता तिथे विजेचा हीटर बसवला आहे आणि त्यावर या क्षणी नातवाचे मोजे वाळत आहेत.

आपला,
एक निवृत्त ड्राफ्ट्समन, डोंबिवली
(सध्या मुक्काम एडिंबरा; नाव छापू नये)