माळीमामा, तुमच्या पंच्याच्या दोन चिंध्यांसाठी

मामा, तुम्हाला माझा आणि आईचा मनापासून नमस्कार.

हे पत्र तुमचा नातू तुम्हाला वाचून दाखवणार आहे, तसं त्यानं कबूल केलंय. पण मी ते सगळ्यांसमोर लिहितेय, कारण पुण्यातल्या बाकीच्या सोसायट्यांमध्येही ते वाचलं जावं असं मला वाटतं.

काल सकाळी शिंपी पक्ष्याची पिल्लं उडाली. आई खिडकीतच होती. तिनं मला अशी हाक मारली की मी हातातलं पीठ तसंच घेऊन धावले. एक पिल्लू जास्वंदीच्या फांदीवर बसलं होतं, अंगठ्याएवढं, शेपटी अजून आखूड. दुसरं कोयनेलमध्ये कुठंतरी चिवचिवत होतं. आईबाप दोघं जिवाच्या आकांतानं ओरडत होते. आई रडत होती आणि हसतही होती. तेव्हाच ठरवलं, मामांना आता लिहायचंच.

गेल्या वर्षी याच दिवसांत काय झालं होतं ते तुम्हाला कुणी सांगितलं नसेल. 15 ऑगस्टच्या झेंडावंदनाआधी कुंपण चकाचक दिसलं पाहिजे म्हणून ठेकेदाराची माणसं मशिन घेऊन आली. आईच्या गुडघ्यांमुळे तिला पटकन बाहेर जाता येत नाही. ती खिडकीतून ओरडत राहिली, "अरे तिथं बुलबुलाचं घरटं आहे, थांबा!" मशिनच्या आवाजात कुणाला काय ऐकू जाणार? मी कामावरून आले तेव्हा घरटं रस्त्याच्या कडेला पडलं होतं आणि त्याच्याजवळ तीन पिल्लं, डोळेसुद्धा न उघडलेली. बुलबुलाची जोडी दोन दिवस त्याच जागी येत होती. मी कमिटीकडे गेले तर उत्तर मिळालं, "पक्षी काय, दुसरं बांधतील. लोकांना नीटनेटकं दिसायला हवं." ठेकेदारानं तर फोनही उचलला नाही. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात शिकारीची जी व्याख्या आहे तिच्यात पक्ष्यांची अंडी फोडणं आणि घरटी विस्कटणंही येतं, हे मी त्यांना दाखवलं. कागद बघितला, बाजूला ठेवला, चहा पिऊन झाला, संपलं. त्यानंतर आईनं कित्येक आठवडे ती खिडकी उघडली नाही.

म्हणून यंदा तुम्ही कात्री आणि पोतं घेऊन फाटकातून आत आलात तेव्हा माझ्या पोटात गोळाच आला होता.

तुम्ही आधी काही कापलंच नाही. कुंपणाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत नुसतं चालत गेलात, मग उकिडवे बसून विडी न पेटवता तशीच बोटांत धरून बघत राहिलात. चोचीत काहीतरी घेऊन कुठला पक्षी कुठं शिरतोय, ते. आणि मग खिडकीशी येऊन आईला विचारलंत, "आजी, तुम्ही रोज बघता. आतमदी कोण कोण ऱ्हातंय, सांगा बरं."

मामा, आईला असं कुणीच कधी विचारलं नव्हतं. तिनं बोट करून जास्वंदीतली जागा दाखवली. दोन पानं कडेला शिवून केलेला तो द्रोण जवळून बघितल्याशिवाय कुणाला दिसतच नाही, हिरवी पानं हिरव्यातच असतात. तुम्ही मला बोलावून दाखवलंत: पानाच्या कडेला बारीक भोकं, त्यांतून ओढलेला कापूस आणि कोळ्याच्या जाळ्याचे धागे. गाठ कुठंच नाही, भोकाबाहेर धाग्याचं टोक फुगतं आणि तेवढ्यावर टाका टिकतो. आत तीन अंडी होती. तुम्ही हात लावला नाहीत.

मग तुम्ही खांद्यावरचा पंचा काढलात, त्याची कड दातांनी फाडलीत आणि दोन चिंध्या बांधल्यात. एक घरट्याच्या दोन हात अलीकडे, एक दोन हात पलीकडे. मी म्हटलं, "मामा, घरट्यावरच बांधा की, म्हणजे नीट कळेल." तुम्ही म्हणालात, "घरट्याला निशाणी केली तर कावळ्याला पत्ता दिल्यागत हुईल. ह्या दोन चिंध्यांच्या मदी कात्री जाणार न्हाई, एवढंच आपल्याला ठावं पायजे."

त्या अडीच आठवड्यांत मी किती वेळा त्या चिंध्यांकडे बघितलं असेल! धुऊन धुऊन विरलेला पांढरा पंचा, कडेला निळी रेघ. तुमच्या अंगावरची वस्तू होती ती. कुणी सांगितलं नव्हतं, त्याचे कुणी पैसे देणार नव्हतं. उलट तेवढा तुकडा न छाटल्याबद्दल कमिटीतल्या एकांनी तुम्हाला चार शब्द सुनावले, आणि तुम्ही शांतपणे म्हणालात, "त्या तुकड्याची मजुरी कापा." मी तिथंच उभी होते. मला बोलता आलं नाही, त्याची अजून लाज वाटते.

तुमच्याकडून मी खूप शिकले, तेही इथं लिहिते. दर पंधरा दिवसांनी वरवर भादरलेल्या कुंपणाला फक्त बाहेरच्या कातडीवर पानं उरतात, आत नुसत्या काटक्या. फूल नवीन फुटव्यावर येतं, तो फुटवाच उडवला तर मधमाशीनं आणि फुलातला मध पिणाऱ्या शिंजिर पक्ष्यानं यायचं कशाला? तुम्ही सांगितलंत, एका वर्षी एकच बाजू घ्यायची, दुसरी पुढच्या वर्षी. बुंध्याकडे कुंपण रुंद आणि वर निमुळतं ठेवायचं, म्हणजे खालच्या पानांनाही ऊन मिळतं. मोठी छाटणी पावसाळा सरल्यावर, दिवाळीनंतर, आणि तेव्हाही आधी बघून. खालचा पालापाचोळा जाळायचा नाही. त्या पाचोळ्यात सातभाईंची टोळी रोज सकाळी पानं उलटत फिरते, परवा तर भारद्वाजही येऊन गेला.

आणि लिंबावरच्या त्या अळ्या! मी त्यांवर औषध मारणार होते. पक्ष्याची विष्ठा पडल्यासारख्या दिसतात म्हणून किळस येत होती. तुम्ही म्हणालात, "फुलपाखराची पोरं हायेत ती, चार पानं खाऊ द्या." नंतर मी वाचलं की राणी पाकोळी, जी 2015 पासून आपल्या महाराष्ट्राचं राज्य फुलपाखरू आहे, तीही लिंबाच्या कुळातल्याच झाडांवर अंडी घालते. आमच्या लिंबावरची ती कोणती होती ते मला कळलं नाही, पण झाडाला पुन्हा पालवी फुटली आणि लिंबंही लागली आहेत.

तुम्ही पुरंदरच्या अंजिराच्या बागांत छाटणी शिकलात असं म्हणाला होतात. ज्यांनी तुम्हाला कात्री धरायला शिकवली त्यांनाही माझा नमस्कार सांगा. हातात हत्यार असताना आधी थांबून बघणारी माणसं फार कमी भेटतात, मामा. भेटली की घरातलं कुणी भेटल्यासारखं वाटतं. आई तर तुमचं नाव दिवसातून दोनदा काढते.

चिंध्या अजून तिथंच आहेत. आई सोडू देत नाही. शिंपी पुन्हा त्याच जास्वंदीच्या आसपास कापूस घेऊन फिरतोय असं तिचं म्हणणं आहे, त्यामुळे तो तुकडा तसाच राहील. त्यासाठी कमिटीशी भांडायचं ते यंदा मी भांडेन.

तुमची कापलेली मजुरी नातवाजवळ दिली आहे, नाही म्हणू नका. आणि आईनं तुळशीबागेतून माझ्याकरवी नवा पंचा मागवलाय, निळ्या रेघेचाच. तिनं तो धुऊन, घडी घालून खिडकीशी ठेवलाय. दिवाळीनंतर याल तेव्हा घ्या.

तुमची,
तळमजल्यावरच्या आजींची मुलगी