वास्तववाद म्हणजे बळाची वकिली नव्हे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या दैनिकात युद्धे, सीमातंटे आणि आंतरराष्ट्रीय करार यांवर जे लेख येतात, त्यांतल्या बऱ्याच लेखांचा शेवट एकाच सुरात होतो. न्याय, नीती वगैरे बोलायला ठीक, पण जग बळावर चालते, तेव्हा वास्तववादी व्हा! मी नोकरीची सगळी वर्षे सामाजिक संशोधनाच्या पद्धती शिकवल्या. वास्तववादी विचार मला जवळचा आहे, म्हणूनच त्याच्या नावावर हे जे खपवले जाते त्याला माझी हरकत आहे. आपल्याला आवडो न आवडो, जगात जे आहे ते आपल्या मर्जीने बदलत नाही, हे मानणारा तो वास्तववादी. मग ही अट बलवानालाही लागू होते, आणि नेमके तेवढेच या लेखांतून गळते.

हे लेखक हमखास प्राचीन ग्रीसमधल्या मेलोसचा दाखला देतात. इ. स. पू. ४१६ मध्ये अथेन्स आणि त्याच्या मित्रांच्या ३८ युद्धनौका या लहानशा बेटावर गेल्या. न्यायाची भाषा तुल्यबळांत चालते, बाकी बळी तो कान पिळी, असे अथेन्सच्या दूतांनी तिथल्या प्रमुखांना सुनावले. आशेवर विसंबू नका, ज्यांच्यापाशी साधने भरपूर आहेत त्यांनाच ती परवडते, असेही ते म्हणाले. मेलोसने ऐकले नाही. वेढा पडला, हिवाळ्यात बेट शरण आले, हाती लागलेले पुरुष मारले गेले, बायकामुले गुलाम म्हणून विकली गेली.

वर्गात मी हा संवाद विद्यार्थ्यांकडून वाचून घेत असे. अथेन्सचे दूत व्हायला पटापट हात वर होत, मेलोसकडून बोलायला कुणाला तरी आग्रह करून उठवावे लागे. वाचून झाल्यावर एखादा म्हणायचाच, ‘मॅडम, पण अथेन्सवाले बरोबरच होते ना?’ मी त्याला पुढचे पान वाचायला सांगे. हा संवाद ज्याच्या इतिहासग्रंथात आहे त्या थ्युसिडिडीसने मेलोसचा शेवट लिहिल्यावर लगेच पुढच्या भागाची सुरुवात केली आहे ती अशी, की त्याच हिवाळ्यात अथेन्सने सिसिली जिंकायचे मनावर घेतले, आणि ते बेट केवढे आहे, तिथे माणसे किती आहेत, याची त्यांच्यातल्या बहुतेकांना कल्पना नव्हती. ज्यांनी मेलोसला आशेवरून उपदेश केला ते स्वतः आशेवर समुद्र ओलांडून गेले. ४१५ मध्ये निघालेली ती मोहीम ४१३ मध्ये धुळीला मिळाली. पुढे ४०५ मध्ये उरलेले आरमारही गेल्याची बातमी रात्री शहरात पोचली, तेव्हा कुणाचा डोळा लागला नाही, असे ग्रीक इतिहासकार झेनोफोनने लिहून ठेवले आहे. आपण मेलोसच्या लोकांशी जसे वागलो तसेच आता आपल्याशी होणार, ही धास्ती होती. जे लेखक मेलोसपाशी थांबतात ते पुस्तक अर्ध्यावर मिटतात, असे माझे स्पष्ट मत आहे.

मेलोसच्या प्रमुखांनाही मी मोकळे सोडत नाही. अथेन्सचा शत्रू स्पार्टा मदतीला येईल या भरवशावर त्यांनी सगळ्या बेटाचा जीव पणाला लावला, आणि दूतांना सामान्य लोकांसमोर बोलूही दिले नाही. सदिच्छा हा पुरावा नव्हे. एवढी गोष्ट वास्तववाद्यांकडून शिकायलाच हवी.

कौटिल्याचेही असेच अर्धे वाचन होते. मत्स्यन्याय हा शब्द सगळ्यांना पाठ असतो. पण मोठ्या माशाने लहानाला गिळावे असा सल्ला त्याच्या ‘अर्थशास्त्र’ या ग्रंथात नाही, ही अवस्था येऊ नये म्हणून तर दंड, म्हणजे राजाची शिक्षा करण्याची सत्ता, आहे. आणि दंडाबद्दल तिथेच लिहिले आहे, की कठोर दंडाने लोक उद्विग्न होतात, सौम्य दंडाची अवहेलना होते, यथायोग्य दंड देणाराच पूज्य ठरतो. रागाने किंवा अज्ञानाने वापरलेला दंड वनात राहणाऱ्या वानप्रस्थांना आणि परिव्राजकांनाही खवळवतो, मग गृहस्थांचे काय? लोकांचा संताप ही राज्यकर्त्याने हिशेबात धरायची वस्तुस्थिती आहे, हे इतक्या जुन्या काळी या माणसाला दिसत होते.

विसाव्या शतकातले ज्येष्ठ वास्तववादीही राजदरबारी भाट नव्हते. १९४८ साली वास्तववादाची मांडणी करणारे हान्स मॉर्गेनथाऊ व्हिएतनाम युद्धाचे कडवे टीकाकार झाले. सप्टेंबर २००२ मध्ये ३३ अभ्यासकांनी न्यूयॉर्क टाइम्समध्ये पैसे भरून जाहिरात दिली, की इराकवरचे युद्ध अमेरिकेच्या हिताचे नाही. सही करणाऱ्यांत केनेथ वॉल्ट्झ आणि जॉन मिअर्सहायमर हे नामवंत वास्तववादी होते. पुढच्या मार्चमध्ये युद्ध सुरू झाले ते झालेच. वास्तववादी चुकतच नाहीत असे मात्र मी म्हणणार नाही. ब्रिटिश वास्तववादी ई. एच. कार यांनी १९३९ च्या पुस्तकात हिटलरला चेकोस्लोव्हाकियाचा प्रदेश देणाऱ्या म्युनिक कराराची पाठराखण केली होती, १९४६ च्या आवृत्तीत ती वाक्ये राहिली नाहीत. पण निव्वळ वास्तववादाला ध्येय नसते आणि कृतीला आधारही नसतो, हेही त्याच पुस्तकात त्यांनी बजावले होते. ते कुणी उद्धृत करत नाही.

आता तत्त्वज्ञानाकडे येते, कारण खरी गफलत तिथे आहे. जे दिसते, मोजता येते तेवढेच खरे, हा वास्तववाद नव्हेच. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस भौतिकशास्त्रज्ञ अर्न्स्ट माख अणूंना खरे मानायला तयार नव्हते. अणू सोयीची कल्पना म्हणून चालतील, पण अनुभवाला न येणाऱ्या वस्तूचे अस्तित्व कशाला मानायचे? वास्तववादी होते ते समोरच्या बाजूला. न दिसणाऱ्या गोष्टीचे परिणाम दिसत असतील तर ती आहे असे मानून शोध घ्या, असे त्यांचे म्हणणे. पाण्यात तरंगणाऱ्या सूक्ष्म कणांच्या थरथरीवरून आइन्स्टाइनने १९०५ मध्ये गणित मांडले, पुढे फ्रेंच शास्त्रज्ञ पेरँने प्रयोग केले, आणि १९०९ पर्यंत रसायनशास्त्रज्ञ ओस्टवाल्डसारख्या विरोधकानेही अणू मान्य केले. तोफा मोजता येतात म्हणून त्या खऱ्या, आणि सत्तेला लोकांनी मनातून दिलेली मान्यता मोजता येत नाही म्हणून ती हवेतली गोष्ट, असे म्हणणारा माखच्या बाजूने बोलतो. ९ ऑक्टोबर १९८९ ला पूर्व जर्मनीतल्या लाइपझिगमध्ये कम्युनिस्ट राजवटीविरुद्ध सुमारे ७०,००० माणसे रस्त्यावर उतरली. सशस्त्र दले तयार होती, बंदुका आदल्या दिवशी होत्या तितक्याच होत्या. गोळी सुटली नाही. महिन्याने बर्लिनची भिंत उघडली. नुसती शस्त्रे मोजणाऱ्याला याचे कारण सांगता येणार नाही.

तत्त्वज्ञ रॉय भास्कर यांनी १९७५ मध्ये हाच धागा पकडला. जे घडते त्याच्याखाली ते घडवणाऱ्या यंत्रणा असतात, आणि परिस्थिती अनुकूल नसेल तर त्या असूनही काही घडवत नाहीत. सामाजिक संशोधनात याचा सरळ उपयोग पॉसन आणि टिली या अभ्यासकांनी १९९७ मध्ये दाखवला. त्यांचे वाहनतळावरच्या कॅमेऱ्याचे उदाहरण मला फार आवडते. कॅमेरा बसवल्यावर चोऱ्या घटल्या, म्हणजे कॅमेऱ्याने चोऱ्या घटवल्या, असे आपण म्हणून टाकतो. पण कॅमेरा काही गाडीचे दार धरून ठेवत नाही. मग काय झाले? चोर रंगेहाथ सापडले? पकडले जाण्याच्या भीतीने ते फिरकले नाहीत? सुरक्षित वाटल्याने वर्दळ वाढली आणि त्या वर्दळीनेच चोरांना आडोसा उरला नाही? की पाटी वाचून लोक कुलूप लावायला लागले? कारण वेगळे, तसे जिथे हा उपाय चालेल ते ठिकाणही वेगळे. मूल्यमापनाचे अहवाल तपासताना मी हेच विचारत असे, आणि अनेकदा आकड्यांच्या तक्त्यामागे एकही उत्तर नसे.

तोच प्रश्न मला परराष्ट्र धोरणावरच्या लेखांना विचारायचा आहे. धाक दाखवला की समोरचा नमतो असे म्हणता, तर कशामुळे नमतो? भीतीने, की खर्च परवडेनासा होतो म्हणून, की त्याचेच लोक त्याची साथ सोडतात म्हणून? आणि तोच धाक कुठल्या परिस्थितीत त्यांना एकवटतो? निर्बंध, हल्ले, वाटाघाटी यांतल्या कशाचाही पुरस्कार करा, पण हे सांगा. शांततेची बाजू मांडणाऱ्यांनाही माझा हाच प्रश्न आहे. काय घडले तर तुम्ही स्वतःचे म्हणणे मागे घ्याल, हेही लिहा.

म्हणून एक विनंती. ‘वास्तववादी’ म्हणून धोरण सुचवणाऱ्या प्रत्येक लेखात पुढच्या सहा महिन्यांत काय घडेल आणि का, हे लेखकाकडून नेमके लिहवून घ्यावे. मुदत संपली की तसे घडले की नाही, हे त्याच पानावर त्याच लेखकाने सांगावे. असे सदर सुरू करणार असाल तर लेखांतली भाकिते तारीखवार नोंदवून ठेवण्याचे काम मी विनामोबदला करीन.

आपली,
सामाजिक संशोधन पद्धतीची एक निवृत्त प्राध्यापिका