त्या रात्री फोनवर थांबलेल्या दादांचे आभार

दोन वर्षं एकटीने मराठी व्हिज्युअल नॉव्हेल, म्हणजे चित्रं आणि मजकुरातून गोष्ट सांगणारा खेळ, करतेय, गोष्ट, चित्रं, कोड सगळं मीच. इंजिन, म्हणजे खेळ ज्यावर चालतो ते सॉफ्टवेअर, रेनपाय, पण माझी आवृत्ती जुनी, ७ ची, आणि डेमो पाठवायच्या आदल्या रात्री दुसऱ्या लॅपटॉपवर लावून बघितलं तर मजकुराची पार वाट लागलेली. 'मित्र'ची वेलांटी म नंतर, जोडाक्षरं सुटी, पाय मोडलेली. रडूच आलं.

ओळखीच्या ओळखीतून एक नंबर मिळाला. रात्री अकराला अनोळखी बाईचा फोन, तरी तुम्ही एवढंच म्हणालात, "फाईल पाठवा, बघतो." मग समजावून सांगितलंत की जुनं इंजिन अक्षरं नुसती एकामागे एक मांडतं, ती जुळवायला हार्फबझ नावाचं सॉफ्टवेअर लागतं आणि ते रेनपायच्या ८.१ आवृत्तीपासून, म्हणजे २०२३ पासून आलंय. पण ८ ला पायथन ३, म्हणजे कोड ज्या भाषेत लिहितात तिची नवी आवृत्ती, त्यामुळे माझा जुना कोड तिथे चालेना, तर तोही ओळ न ओळ माझ्यासोबत बसून दुरुस्त केलात, अडीच वाजेपर्यंत.

आणि सकाळी वहीच्या पानाचा फोटो आला! अख्खा खेळ खेळून, ओळ चौकटीबाहेर जाते त्या ३१ जागा पेनाने लिहून काढलेल्या, आणि खाली, "आजीच्या पत्राला हात लावू नका, ते छान झालंय." हे कोणी सांगितलं नव्हतं हो तुम्हाला करायला. पैसे विचारले तर फोनच ठेवलात.

डेमो वेळेत गेला. नाव छापू नका म्हणालात म्हणून छापत नाही, पण दादा, मनापासून आभार. ते पान माझ्या टेबलासमोर चिकटवलंय.